विदर्भकन्येचा राखणदार

आर्वीहून देऊरवाड्याला आलं की वर्धा नदी आडवी येते आणि आमचा जिल्हा संपतो. पलीकडे अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. आषाढीसाठी तिची पालखी तिथूनच निघते, माहेरची साडीचोळी घेऊन पंढरपूर गाठते. आमच्याकडच्या बायांना ती देवी कमी आणि सासरी नांदणारी लेक जास्त वाटते.

राजकन्या म्हटली की तिच्यावरून जीव ओवाळून टाकणारा एखादा शिलेदार हवाच. रुक्मिणीच्या गोष्टीत तो कोण? शस्त्रधाऱ्यांची तर इथे वाण नाही. भागवतात लग्नाच्या आदल्या दिवशी ती अंबिकेच्या दर्शनाला पायी निघते, तेव्हा शस्त्रं उगारलेले शूर सैनिक तिच्याभोवती चालत असतात. नवरदेव शिशुपाल आणि जरासंध फौजा घेऊन गावात उतरलेले. पुढे कृष्णाने तिला पळवून नेलं तसा भाऊ रुक्मी अक्षौहिणी सेना घेऊन त्याच्यामागे धावला. बहिणीला सोडवून आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे याच कौंडण्यपुरात, पाऊल ठेवणार नाही, ही त्याची प्रतिज्ञा. एवढी कडेकोट राखण, आणि तिला काय हवंय हे त्यातल्या एकालाही ठाऊक नाही. रुक्मीचा जीव वाचला तोही बहिणीमुळे. कृष्णाने तलवार उपसली तशी ती पाया पडली. मग केस-मिशा वेड्यावाकड्या भादरून त्याला सोडून दिलं. गडी शब्दाचा मात्र पक्का. कुंडिनपुरात परतलाच नाही, भोजकट वसवून तिथेच राहिला.

खरा राखणदार वेगळाच होता. भागवत त्याचं नावही सांगत नाही, फक्त विश्वासातला एक ब्राह्मण म्हणतं. आमचे कीर्तनकार त्याला सुदेव म्हणतात. रुक्मिणीने त्याच्याकडे सात श्लोकांचा निरोप दिला. त्यात लाजणं-बुजणं थोडं आणि बेत पक्का: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा गावाबाहेर जाते, तिथून मला ने. वऱ्हाडातून द्वारका म्हणजे केवढा पल्ला! वाटेत काय झालं, कुठे मुक्काम पडला, यावर भागवत एक शब्द खर्च करत नाही. द्वारकेत कृष्णाने त्याला जेवू घातलं आणि स्वतःच्या हातांनी त्याचे पाय चेपले. चालून आलेल्या माणसाचं नेमकं काय दुखतं हे देवाला कळलं, एवढा तपशील मात्र पुराणाने टिपून ठेवलाय.

याच विदर्भाच्या दुसऱ्या राजकन्येलाही एक सुदेव भेटला होता, महाभारतातल्या दमयंतीला. नल तिला रानात सोडून गेला, ती चेदीच्या राजवाड्यात दासी होऊन राहिली. तिच्या बापाने, राजा भीमाने, माणसं चहूकडे पाठवली. सुदेवाने तिला ओळखलं ते भुवयांमधल्या तिळावरून, आणि तो तीळ मळाने झाकलेला होता. राजकन्या सुनंदेने मळ पुसला तेव्हा कुठे तो इतरांना दिसला. तलवार चालवणारे पुष्कळ असतात. मळकट दासीच्या कपाळाकडे इतकं निरखून बघणारा विरळा. या सुदेवाला राजा भीमाने हजार गायी, गाव आणि धन दिलं.

रुक्मिणीच्या ब्राह्मणाचं तसं नाही. तो परत आला, तेव्हा त्याचा उजळ चेहरा पाहूनच तिने ओळखलं. कृष्ण आलाय, असं त्याने सांगितल्यावर याला काय द्यावं हेच तिला सुचेना. शेवटी तिने नुसता नमस्कार केला. टीकाकारांना हे फार अपुरं वाटलं असावं. त्यांनी हिशेब जुळवला की लक्ष्मीच वाकली, म्हणजे त्याच्या घरी संपत्ती आलीच. मला हा हिशेब पटत नाही. गायी हव्यात असं तो कुठे म्हणाला होता?