दाराने गप्प राहावं

उभ्या गाडीच्या दारावर, काचेच्या चार बोटं खाली, हलकीशी टिचकी मारून बघावी. ‘टण्ण’ असा पोकळ आवाज येतो आणि तो लगेच विरतही नाही. रिकाम्या पिंपावर थेंब पडावा तसा क्षणभर रेंगाळतो. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ, आतला पत्रा जागोजागी भोकं पाडलेला, आणि दोन्हींच्या मधे काच वर-खाली करणारी यंत्रणा. ह्याच पोकळीच्या तोंडाशी कंपनीने स्पीकर बसवलेला असतो. सकाळी ऑफिसला जाताना ऐकलेली भूपाळी असो की रात्री घाट उतरताना लावलेली जुनी गाणी, सगळं त्या ‘टण्ण’मध्ये भिजून कानाशी येतं.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या गल्लीत अशीच टिचकी भोपळ्यावर मारली जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, नीट वाळलेला, मोठ्या घेराचा भोपळा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तानपुरे आणि सतारी घडवायला घेतल्या, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे टिचकीचं उत्तर गोल, भरीव आलं तर भोपळा कामाचा. तारेचा नाद त्यानेच मोठा करायचा असतो, तारेबरोबर त्यानेच गायचं असतं.

गाडीच्या दाराचं काम ह्याच्या नेमकं उलट. गाणं झालेलं आहे, मिसळलेलं आहे, तबल्याने किती वाजायचं आणि व्हायोलिनने किती मागे राहायचं हे ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच ठरलेलं आहे. आता दाराने त्यात आपला सूर मिसळायचा नाही. त्याने गप्प राहायचं. थोड्या पैशांत गाडीचं संगीत सुधारायचं म्हणजे मुख्यतः दाराला गप्प बसायला शिकवायचं, आणि नेमकं ह्याच कामाकडे सर्वांत कमी लक्ष जातं. पैसे जातात ते दिसणाऱ्या वस्तूंवर: मोठ्या स्क्रीनवर, डिकीतल्या निळ्या दिव्यांच्या बॉक्सवर.

गाडीत गाणं ऐकायची हौस जुनी आहे. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिलं; पुढे कंपनीनेही तेच नाव घेतलं. १९६३ साली फिलिप्सची छोटी कॅसेट आली आणि गाणं स्टेशनच्या वेळापत्रकातून सुटलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत डेक असायचा, मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर असायचे, आणि पावसात तुंबलेल्या रस्त्यावर मीटरच्या टिकटिकीला रफी-लतांची साथ असायची. ३० ऑक्टोबर २०२३ ह्या दिवसापासून नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली.

त्या काळी सुधारणा सोपी होती, कारण डॅशबोर्डमधला खण ठरलेल्या मापाचा असे. १८० बाय ५० मिलिमीटर, किंवा त्याच्या दुप्पट उंचीचा. जुना डेक उपसायचा, नवा सरकवायचा. लॅमिंग्टन रोडच्या किंवा नाना पेठेच्या दुकानात अर्ध्या तासाचं काम. आता अनेक गाड्यांत स्क्रीन डॅशबोर्डचाच अवयव झालेली असते. मागचा कॅमेरा तिच्यावर, स्टिअरिंगवरची बटणं तिला जोडलेली, काही गाड्यांत एसीसुद्धा तिच्याच ताब्यात. ती बदलायची तर खर्च मोठा आणि गैरसोय त्याहून मोठी. तेव्हा हात आखडून खर्च करणाऱ्याने तिला हात लावू नये. ती आहे तशी चांगली आहे. तिच्याकडून येणारा आवाज बहुतेक वेळा पुरेसा स्वच्छ असतो. बिघडतो तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला.

पहिली सुधारणा तर फुकट आहे. सेटिंगमध्ये जाऊन बास, मिड, ट्रेबल तिन्ही शून्यावर आणावेत. बऱ्याच गाड्यांत आधीच्या कुणीतरी बास शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेला असतो आणि बिचारा छोटा स्पीकर ते ओझं पेलताना फरफरत असतो. ‘लाउडनेस’ची सोय असेल तर ती कशासाठी आहे हे जाणून वापरावी. १९३३ साली बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. लाउडनेस तीच उणीव भरून काढतं. म्हणून हळू आवाजात ते चालू असावं, मोठ्या आवाजात बंद. मग आवाजाचा तोल थोडा पुढच्या स्पीकरांकडे सरकवावा. मैफलीत गवई समोर बसतो. पाठीमागून गाणारा आवाज कानाला कधीच खरा वाटत नाही.

आणखी एक सोय काही स्क्रीनमध्ये दडलेली असते, ती सहसा कुणी उघडत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्यापासून मीटरभर, डावीकडचा दीड मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे डावा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढासा उशीर, पण तेवढ्याने गायिका समोर न राहता उजव्या गुडघ्यापाशी जाऊन बसते. ‘टाइम अलाइनमेंट’ नावाच्या पर्यायात उजव्या स्पीकरला तेवढंच थांबवून ठेवता येतं. ते नीट जमलं की गाणं डॅशबोर्डच्या वर, काचेपलीकडच्या रस्त्यावर उभं राहतं. एकही रुपया खर्च न होता गाडीत असा चमत्कार घडतो, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

मग स्पीकर. खोक्यावरचा मोठा वॉटचा आकडा बघून तो निवडू नये. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर चालणारा स्क्रीनमागचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला, गणिताने, फार तर २६ वॉट स्वच्छ देऊ शकतो; प्रत्यक्षात १८-२०. स्क्रीनच्या माहितीपत्रकात चार गुणिले पन्नास छापलेलं असलं तरी हे गणित बदलत नाही. तेव्हा वेगळा अ‍ॅम्प घ्यायचा नसेल तर बघायचा तो स्पीकरचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला २० वॉट लागतात, तेवढाच ९१चा स्पीकर १० वॉटमध्ये काढतो. तीन डेसिबल म्हणजे अर्धी शक्ती वाचली. कमी खाऊन जास्त राबणारा स्पीकर निवडावा.

एक मात्र तपासून घ्यावं. वरच्या मॉडेलमध्ये नामांकित कंपनीची सिस्टीम असेल तर तिचा स्वतःचा अ‍ॅम्प असतो, कधी स्पीकर २ ओहमचे असतात, आणि त्यांच्या कमतरतेनुसार आवाज आधीच वळवून ठेवलेला असतो. अशा गाडीत नुसते स्पीकर बदलले तर बिघाडच होण्याची शक्यता अधिक. साध्या मॉडेलची गाडी ह्या बाबतीत भाग्यवान.

आणि आता दार.

हे काम रविवारी सकाळी, सावलीत, घाई नसताना करावं किंवा फिटरकडून समोर उभं राहून करून घ्यावं. हँडलमागचे दोन-तीन स्क्रू काढले की आतला प्लास्टिकचा पॅड क्लिपांतून सुटतो. मागे एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसतो. अनेक गॅरेजमध्ये तो फाडून फेकतात. तो अजिबात फाडू नये. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर जातं. आतलं सामान, पॅड आणि पायाखालची चटई कोरडी ठेवतो तो हा कागद. कोकणात चार महिने गाडी चालवणाऱ्याला ह्याची किंमत सांगावी लागत नाही. पिवळ्या कपलरलाही हात लावू नये, ती एअरबॅगची वायर असते. दारात एअरबॅगचा सेन्सर असेल तर कुठलं भोक बंद करायचं आणि कुठलं नाही, हे कंपनीच्या माणसाला विचारूनच ठरवावं.

कंपनीचा स्पीकर बाहेर आला की हातात घेऊन त्याचं वजन बघावं. पातळ कागदी पडदा, प्लास्टिकचा सांगाडा, मागे नाण्यापेक्षा थोडं मोठं लोहचुंबक. त्याला तुच्छ लेखू नये. तो हलका आहे, कमी शक्तीवर वाजतो, आणि अनेक वर्षं त्याने बिनतक्रार काम केलेलं असतं. पण त्याच्या मागची पोकळी आता दिसते, आणि तिथेच खरी गोष्ट आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागची लाट आतल्या पत्र्याच्या भोकांतून पुढे आली की पुढच्या लाटेला भेटते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. सर्वांत जास्त पुसला जातो खर्ज. म्हणजे गाडीत बास नाही म्हणून माणूस डिकीत वूफर आणतो, आणि बास मात्र रोज दारात निर्माण होऊन दारातच मरत असतो.

उपाय साधा आहे. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू स्पिरिटने पुसून त्यावर ब्यूटिल रबराची, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावलेली दोन मिलिमीटरची शीट चिकटवायची. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मधला पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी पुरतं. मात्र लाकडी किंवा लोखंडी रोलरने ती जिवाच्या आकांताने दाबावी, खाली हवेचा फुगा राहिला की मेहनत वाया. मग आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची, प्लास्टिकचा कागद जागेवर लावायचा, आणि तळाची पाणी जाण्याची भोकं उघडी आहेत ना हे दोनदा बघायचं. स्पीकरखालची रिंग प्लास्टिकची घ्यावी. दाबलेल्या लाकडी भुश्शाची रिंग पहिल्या पावसाळ्यात फुगते. पडदा कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडा रबराची असावी, कारणही तेच, पाऊस. कंपनीची वायर न कापता त्या मापाचा कपलर वापरावा, म्हणजे वॉरंटीचा वाद उद्भवत नाही.

पॅड लावण्याआधी पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवावा. धन टोक धन टोकाला, तर पडदा बाहेर यायला हवा. एका दारात वायर उलटी लागली तर एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो, आणि इतक्या खटाटोपानंतरही बास गायब होतो.

हे सगळं झालं की पुन्हा टिचकी मारावी. ‘ठप्’. एवढंच. लाकडी पेटीवर हात ठेवावा तसा. दार बंद होतानाचा आवाजही बदललेला असतो, आणि टायरांची घरघर थोडी दूर गेलेली असते.

मग एखादं पाठ असलेलं ध्वनिमुद्रण लावावं. १९५५च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांचं संगीत. त्या जुन्या ध्वनिमुद्रणात झगमगाट नाही, म्हणूनच त्यात लपवाछपवी चालत नाही. बाबूजींच्या आवाजातला शब्दाच्या शेवटी येणारा श्वास, व्यंजनाची कड, हे दार बोलत असताना ऐकूच येत नव्हतं. नंतर तबला ऐकावा. मृदंग आणि तबल्याच्या पुडीवरच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर एकमेकांशी सुरेल नात्यात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासोबत दाखवून दिलं. डग्ग्याची मींड, हाताच्या मनगटाने दाबून वर चढवलेला तो घुमारा, साध्या गाडीत नुसता ‘धप्’ होऊन येतो. गप्प दारात त्याची चढण ऐकू येते. आणि ज्याला ‘सैराट’ ऐकायचा आहे त्याने अजय-अतुल यांनी हॉलीवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला तो वाद्यवृंद ऐकावा. चेलो आणि डबल बास वेगवेगळे झाले की काम नीट झालं म्हणायचं.

पुढे हौस वाढली तर चार चॅनलचा छोटा अ‍ॅम्प जरूर घ्यावा. तो क्लास-डी प्रकारचा असेल तर विजेची नासाडी कमी. चारही चॅनलना पन्नास वॉट द्यायचे म्हणजे बॅटरीकडून पूर्ण जोरात सुमारे १८ अँपिअर ओढले जातात, म्हणून वायर शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसते तशीच, स्वस्तही मिळते, पण तिची वहनक्षमता सुमारे दोन तृतीयांशच असते. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच असावा. इथे काटकसर करू नये, हा आगीचा प्रश्न आहे.

खर्चाचा अंदाज सांगायचा तर पुढच्या दोन दारांची शीट आणि दोन बऱ्यापैकी स्पीकर, मजुरीसह, आज पाच ते आठ हजारांच्या घरात बसतात. मागची दारं तशीच राहू द्यावीत. डिकीतला वूफर नंतर, आणि बऱ्याच जणांना तो लागतच नाही.

दुकानात जाताना मात्र एक करावं. तिथल्या फळीवर वाजणारं झणझणीत गाणं ऐकून स्पीकर घेऊ नये. स्वतःचं, शेकडो वेळा ऐकलेलं एक गाणं सोबत न्यावं, दुकानदाराला ते त्याच्याच गाडीत लावायला सांगावं, काचा वर करून आधी इंजिन बंद ठेवून ऐकावं, मग चालू करून. आणि पैसे देण्याआधी त्याच्या गाडीच्या दारावर एकदा टिचकी मारावी.