फुफाट्याचा हिशोब

कंपनीने बसवलेला एअर क्लीनरचा काळा डबा इंजिनाचा श्वास अडवतो, असं मी ठामपणे मानत होतो. आमची पिकअप साक्रीहून कांदा, मिरची घेऊन सुरतेला जाते आणि येताना भाड्याचा माल आणते. त्या मालासकट कोंडाईबारी घाट चढताना ती दम सोडू लागली. डबा काढायचा आणि उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवायचा, हे मी ठरवून टाकलं. असा फिल्टर लावलेल्या गाड्यांचा आवाज मी ऐकला होता. तो आवाज म्हणजेच ताकद, असं मला वाटायचं.

आमचे ड्रायव्हर नाना एकच वाक्य बोलले, "भाऊ, जठे हवा जाई, तठे फुफाटा बी जाई." मी लक्ष दिलं नाही. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला इंजिनातलं काय कळणार, असं मनात आलं. तोंडाने बोललो नाही, पण माझ्या वागण्यातून ते त्यांना कळलंच असणार. मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

फिल्टरची चौकशी करायला नाना आणि मी आमची गाडी घेऊन गॅरेजवर गेलो, तेव्हा तिथे दुसऱ्या कोणाची तरी पिकअप उभी होती. तिला तसाच उघडा फिल्टर होता. तक्रार अशी, की गाडी ऑइल खाते आणि धूर सोडते. मिस्त्रींनी फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली नळी काढली आणि मला आतून बोट फिरवायला सांगितलं. बोटाला मातकट थर लागला. चिमटीत चोळला तर कचकचला. टर्बोच्या पात्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. नानांनी काही न बोलता आमच्या गाडीचा डबा उघडला. आतलं फिल्टरचं एलिमेंट बाहेरून धुळीने गच्च भरलेलं होतं. त्याच्या पुढच्या नळीत त्यांनी पांढरं फडकं फिरवलं आणि माझ्या हातात दिलं. फडकं जवळपास स्वच्छ होतं.

मी ते फडकं उलटंपालटं करून पाहत राहिलो. जो डबा मला अडथळा वाटत होता, त्याने शेतरस्त्यांवरचा सगळा फुफाटा बाहेर अडवून धरला होता. अडीच लिटरचं इंजिन दोन हजार फेऱ्यांवर, टर्बोचा दाब धरला नाही तरी, मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर हवा ओढतं. ती हवा आपल्या साक्री तालुक्याची. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या इथल्या वाऱ्याच्या जोरावर, आणि तोच वारा उन्हाळ्यात माती उडवतो. धुळीतले वाळूचे कण रिंगा आणि सिलिंडर घासत राहतात. त्या पिकअपचं इंजिन खोलावं लागणार होतं. माझ्या हट्टाने आमच्या गाडीवरही तीच वेळ आली असती.

मग दम का जात होता? एलिमेंट तुंबलं होतं, आणि टर्बोकडून इंटरकूलरला जाणारी रबरी नळी क्लॅम्पजवळ चिरली होती. दाबलेली हवा तिथून निघून जात होती. नवं एलिमेंट, नवी नळी, आणि गाडी पुन्हा घाट चढू लागली.

टर्बो डिझेल इंजिनाची ताकद टर्बोच्या दाबावर आणि डिझेलच्या मापावर ठरते. एलिमेंट स्वच्छ असेल, तर नुसती हवेची वाट आणखी मोकळी करून त्यात फारसा फरक पडत नाही. शिवाय उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की ती साधारण तीन टक्के विरळ होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळीसच्या वर पारा असतो. बीएस ६ गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो. तेल लावायच्या फिल्टरमधलं जास्तीचं तेल त्यावर बसलं तर त्याचं माप चुकतं. नव्या गाडीच्या वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. शर्यतीच्या गाडीला असा फिल्टर शोभत असेल, कारण तिचं इंजिन वरचेवर खोललं जातं. शेतमाल वाहणाऱ्या पिकअपला तो चालणार नाही, हे माझं आजचं ठाम मत आहे.

नानांची मी माफी मागितली. ते "जाऊ द्या भाऊ" म्हणाले.

तुमचीही गाडी घाटात दम सोडत असेल, तर काही नवं बसवण्याआधी एलिमेंट बदला, टर्बोच्या नळ्या आणि क्लॅम्प तपासा, आणि जो ती गाडी रोज चालवतो त्याला विचारा.