दाबणारा हात

कॅथलॅबमधलं सगळ्यात बिनकौतुकाचं काम म्हणजे शीथ काढून जांघ दाबत उभं राहणं. स्टेंट बसतो, पडद्यावर धमनी मोकळी दिसते, डॉक्टर नातेवाइकांशी बोलायला जातात. नंतर धमनीतली नळी, म्हणजे शीथ, काढायची वेळ येते, आणि ते भोक माझ्या बोटांच्या हवाली होतं. 6 फ्रेंच मापाचं शीथ बाहेरून अडीच मिलिमीटरच्या आसपास असतं. ऐकायला किरकोळ, पण त्यामागे हृदयाचा प्रत्येक ठोका असतो.

1953 साली स्वीडनच्या सेल्डिंगरनं सुईतून तार आणि तारेवरून नळी धमनीत सरकवण्याची युक्ती मांडली. तोवर बहुधा धमनी चिरून उघडी करत आणि शेवटी टाके घालत. त्यानं चीर वाचवली, टाक्याचं काम मात्र बोटांवर आलं.

नवीन मुलं पहिली चूक जागेची करतात. कातडीवरच्या भोकावरच दाबतात. सुई तिरकी वर जाते, त्यामुळे धमनीचं भोक कातडीच्या भोकापेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर असतं. बोटं तिथे हवीत, नाडीवर, खाली मांडीच्या हाडाचा गोल माथा लागेल अशी. हाडाचा आधार नसेल तर कितीही जोर लावा, रक्त आतल्या आत मांसात पसरत राहतं आणि वरचा गॉज कोरडाच दिसतो.

दुसरी चूक जोराची. रक्त आपण थांबवत नाही, रक्तच रक्ताला थांबवतं. धमनीच्या फाटक्या कडेला प्लेटलेट चिकटतात, एकमेकींना बोलावतात, त्यांच्यावर फायब्रिनचं जाळं विणलं जातं. त्यांना तिथवर पोचायला प्रवाह लागतो. म्हणून सुरुवातीची काही मिनिटं घट्ट, मग हळूहळू सैल. बोटाखाली नाडी लागली पाहिजे आणि पाऊल गरम राहिलं पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं लागतात, शीथ जाड असेल तर जास्त. मध्येच गॉज उचलून बघायचा मोह फार होतो. पण ताजी गुठळी दुधावर नुकत्या धरलेल्या सायीसारखी असते, डिवचली की मोडते.

त्यात रुग्णाला रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलेलं असतं. त्याचा असर उतरला का, हे एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, तपासून ठरवतात. आकडा साधारण 150 ते 180 सेकंदांच्या खाली आल्याशिवाय शीथला हात लावायचा नाही. ॲस्पिरिनचं तसं नाही. त्याच्या तावडीत सापडलेली प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे आठवडा-दहा दिवस, तशीच राहते. तिला घेऊनच काम भागवायचं.

दाबताना माझे डोळे जांघेवर कमी आणि चेहऱ्यावर जास्त असतात. “ब्रदर, किती वेळ हो अजून?” असं दर दोन मिनिटांनी विचारणारे काका गप्प झाले, घाम सुटला, जांभया यायला लागल्या, की मॉनिटरकडे बघायचं. नाडी मंद, बीपी खाली. दुखण्यानं आणि भीतीनं असं होतं. पाय वर, सलाईन जोरात, ॲट्रोपिन हाताशी. नंतर कधी वॉर्डातून निरोप येतो, पाठ दुखतेय, बीपी पडतंय, जखम मात्र स्वच्छ. असा निरोप आला की मला धडकी भरते. सुई फार वर लागली असेल तर रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत साठतं, बाहेर थेंबही दिसत नाही.

आता बहुतेक काम मनगटातून होतं. 1989 मध्ये मॉन्ट्रियलच्या कँपो यांनी तो मार्ग दाखवला. मनगटातली धमनी बारीक, वरवर, हाडावर टेकलेली. हवेचा पट्टा बांधला की झालं. रक्तस्राव कमी, माणूस लगेच उठून चहा पितो. मला याचं वाईट वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. प्रश्न वेगळा आहे. बलून पंप, झडप बसवायची जाड नळी, मनगटातून न जमलेली केस, यांना जांघच लागते. ती सगळी आधीच नाजूक माणसं, आणि जांघेची सवय कमी झाल्यानं दाबणारा हात कच्चा. म्हणून जुन्या हाताशेजारी उभं राहून दाबायला शिकल्याशिवाय नवीन माणसाला एकटं सोडू नये, या मतावर मी ठाम आहे.

आणि जांघेतून अँजिओग्राफी करून घरी गेलेल्यांनो, खोकताना, शिंकताना तिथे तळहात दाबून धरा. रक्त आलंच तर आडवे व्हा, भोकाच्या जरा वर कुणाला तरी घट्ट दाबायला सांगा आणि 108 ला फोन करा. काळंनिळं दिसलं म्हणून स्टेंटच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.