बदनाम नावांची भली शहरे

महाराष्ट्रातून ब्रिटनच्या सहलीला जाणाऱ्या कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेलाच असतो. चार दिवस लंडन, एक दिवस ऑक्सफर्ड, शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड, विंडरमियरचे सरोवर आणि शेवटी एडिंबरोचा किल्ला. बस लंडन सोडून उत्तरेकडे निघाली की महामार्गाच्या निळ्या पाट्यांवर लेस्टर, कोव्हेंट्री अशी नावे दिसतात आणि मागे पडतात. तेथे उतरावे असे कोणी म्हणत नाही, कारण त्या शहरांविषयी कोणी चांगले बोलल्याचे ऐकिवात नसते.

अलीकडे मात्र हीच नावे आपल्या घरांत दुसऱ्या वाटेने शिरू लागली आहेत. उच्च शिक्षणासाठी गेलेल्या मुलामुलींची प्रवेशपत्रे येतात ती पुष्कळदा कोव्हेंट्रीहून, लेस्टरहून किंवा ब्रॅडफर्डहून. मग आईवडील चौकशी करतात आणि कानावर येते ते एवढेच: गिरण्या बंद पडलेले गाव, सिमेंटचे कुरूप गाव, दंगलीचे गाव. व्यापारी घरांत एक जुनी रीत आहे. बाजारात कोणाविषयी काय बोलले जाते ते ऐकून घ्यावे; पण उधारी द्यायची की नाही, हे वही पाहून ठरवावे. शहरांनाही हीच रीत लावून पाहण्यासारखी आहे.

ब्रॅडफर्ड : लोकरीची पेढी

यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड हे एकोणिसाव्या शतकात जगातील लोकरी कापडाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. व्हेनिसच्या धर्तीवर बांधलेले तेथील लोकर विनिमयगृह १८६७ मध्ये सुरू झाले. ठरलेल्या दिवशी व्यापारी तेथे जमत, भाव बोलले जात आणि शब्दावर सौदे होत. आज त्या उंच छताखाली पुस्तकांचे दुकान आहे. जवळच ‘लिटल जर्मनी’ नावाचा भाग आहे. जर्मनीहून आलेल्या व्यापाऱ्यांनी, ज्यांत ज्यू पुष्कळ होते, तेथे राजवाड्यांसारखी दगडी गोदामे उभारली. मालाच्या गोदामालाही इतकी देखणी दारे का, असा प्रश्न पडतो. गिऱ्हाइकाला पेढीचा भरवसा प्रथम दारातच मिळतो, हे त्या परक्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते.

याच शहराचा टायटस सॉल्ट हा उद्योजक. लिव्हरपूलच्या एका गोदामात दक्षिण अमेरिकेतील अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचे गठ्ठे धूळ खात पडले होते. त्यांचे काय करावे हे कोणालाच समजत नव्हते. सॉल्टने नमुना घरी नेला, प्रयोग केले आणि मग सर्व माल विकत घेतला. त्यातून निघालेल्या चमकदार कापडाने त्याला अमाप संपत्ती दिली. परंतु ब्रॅडफर्डची हवा धुराने काळी झाली होती आणि पाणी रोगट. तेव्हा त्याने शहराबाहेर, एअर नदीच्या काठी नवी गिरणी बांधली आणि १८५३ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, ती सुरू केली. गिरणीभोवती कामगारांसाठी दगडी घरे, शाळा, रुग्णालय, वृद्धांसाठी निवारा, धुलाईघर, वाचनालय आणि उद्यान उभे राहिले. दारूचा गुत्ता मात्र त्याने गावात येऊ दिला नाही. हेच सॉल्टेअर. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान मुलेही गिरणीत अर्धवेळ राबत, हेही वहीत नोंदवलेच पाहिजे. तरीही १८७६ मध्ये सॉल्ट वारला तेव्हा अंत्ययात्रेच्या वाटेवर सुमारे एक लाख लोक उभे होते असे सांगतात.

पुढे लोकरीचा धंदा बसला. १९८६ मध्ये सॉल्टची गिरणी बंद पडली आणि एवढ्या अवाढव्य इमारतीचे काय करायचे, असा प्रश्न उभा राहिला. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या स्थानिक व्यावसायिकाने ती विकत घेतली आणि ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेल्या डेव्हिड हॉकनी या जगप्रसिद्ध चित्रकाराच्या चित्रांनी तिचे दालन सजवले. धूळ खात पडलेल्या मालात मोल पाहणारा एक माणूस त्या गिरणीला आरंभी भेटला होता, दुसरा तिच्या शेवटी भेटला. २००१ मध्ये युनेस्कोने सॉल्टेअरला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

नेमक्या त्याच वर्षी ब्रॅडफर्डमध्ये मोठी दंगल उसळली आणि जगाच्या लक्षात राहिली ती दंगल. त्यानंतर शहराच्या मध्यभागी नव्या बाजारसंकुलासाठी इमारती पाडल्या गेल्या, काम रखडले आणि कित्येक वर्षे तेथे नुसता प्रचंड खड्डा राहिला. बदनामीला एवढे पुरेसे होते. पण त्याच काळातील आणखी एक नोंद आहे. १८८१ मधील ज्यू प्रार्थनामंदिराचे छत गळू लागले होते. सभासद मूठभर उरलेले, दुरुस्तीला पैसा नव्हता आणि वास्तू विकण्याची वेळ आली होती. तेव्हा मदतीला धावले ते परिसरातील मुस्लिम व्यापारी आणि मशिदीचे पदाधिकारी. देणगी मिळाली, पुढे इतर निधीही मिळाला आणि प्रार्थनामंदिर टिकले. दंगलीची बातमी साऱ्या जगात गेली. गळके छत दुरुस्त झाल्याची बातमी फार दूर पोहोचली नाही. २०२५ साठी ब्रिटनची ‘सांस्कृतिक राजधानी’ म्हणून ब्रॅडफर्डची निवड झाली, तेव्हा पुष्कळांनी त्या नावाकडे पहिल्यांदा नीट पाहिले.

कोव्हेंट्री : क्षमेची भिंत

एखाद्याशी सर्वांनी बोलणे टाकले, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत त्याला वाळीत टाकले, तर इंग्रजीत त्याला ‘कोव्हेंट्रीला पाठवले’ असे म्हणतात. ज्या शहराचे नावच बहिष्काराचा वाक्प्रचार होऊन बसले, त्याच्या नशिबी चांगले नाव कोठून येणार? त्यात युद्धानंतर उभारलेल्या सिमेंटच्या इमारती आणि शहराला वेढणारा वळणावळणाचा उन्नत रस्ता यांमुळे कुरूपतेचा शिक्काही बसला.

व्यापाराच्या दृष्टीने मात्र कोव्हेंट्रीचा इतिहास मनन करण्यासारखा आहे. हे शहर आधी रेशमी फितींवर जगत होते. १८६० च्या करारानंतर फ्रान्सच्या फिती विनाजकात येऊ लागल्या आणि तो धंदा कोसळला, हजारो विणकर उघड्यावर आले. घड्याळांचा व्यवसायही पुढे मावळला. पण हातातले कसब मेले नाही. शिवणयंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याने सायकली बनवण्यास घेतल्या. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. आज आपल्या गावोगाव दिसणारी सायकल मूळ घडणीने तीच आहे. सायकलींतून मोटारी आल्या. मोटारींचे कारखाने बंद होत गेले, तेव्हा शहराने विद्यापीठांचा आधार घेतला. धंदा बसला की गाव सोडावे, असे या शहराला वाटले नाही. त्याने दर वेळी दुकान बदलले.

कोव्हेंट्रीचे खरे धन मात्र एका पडक्या वास्तूत आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहरावर तासन्‌तास बाँबवर्षाव केला. पाचशेहून अधिक माणसे मेली. मध्ययुगीन मोठे चर्च जळून त्याच्या केवळ बाहेरच्या भिंती आणि मनोरा उरला. दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा उभारण्याचा निश्चय झाला. त्याच वर्षीच्या नाताळात चर्चचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड यांनी त्या अवशेषांतून केलेल्या नभोवाणी भाषणात सूडाचा विचार दूर ठेवण्याचे आवाहन केले. ज्या शहरात प्रेते नुकतीच पुरली गेली होती, त्या शहरात असे बोलणे सोपे नव्हते.

युद्धानंतर पडक्या वेदीमागील भिंतीवर त्यांनी दोनच शब्द कोरून घेतले. त्यांत परमपित्याकडे क्षमेची याचना आहे. पण कोणाला क्षमा करावी, ते लिहिलेले नाही. ‘त्यांना’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे, कारण क्षमेची गरज एकट्या शत्रूला नसते. जैन वाचकाला येथे क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सांवत्सरिक प्रतिक्रमणानंतर आपण ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो, तेव्हा समोरच्याचे अपराध मोजत नाही; आपले दुष्कृत मिथ्या होवो असे म्हणतो. दोन धर्मांची तत्त्वे निराळी आहेत. जैन परंपरेत कर्मे दुसरा कोणी माफ करीत नाही. परंतु आरोपाचे बोट दुसऱ्याकडे न रोखण्याचा तो भाव दूरच्या त्या भिंतीवरही वाचता येतो.

बॅसिल स्पेन्स या वास्तुरचनाकाराने जुने अवशेष न पाडता त्यांना लागूनच नवे चर्च उभारले. ते १९६२ मध्ये खुले झाले. त्याआधीच, १९५९ मध्ये, कोव्हेंट्रीने जर्मनीतील ड्रेस्डेन या शहराशी मैत्रीचा करार केला होता. ड्रेस्डेन ब्रिटिश व अमेरिकी बाँबफेकीत बेचिराख झाले होते. पुढे कोव्हेंट्रीची तरुण मुले तेथील रुग्णालयाच्या बांधकामात हातभार लावण्यास गेली. ज्याचे नाव बहिष्काराशी जोडले गेले, त्या शहराने अबोला मोडण्याचे काम असे अंगावर घेतले.

लेस्टर : परत घेतलेला शब्द

लेस्टरची कीर्ती ‘विशेष काही नसलेले शहर’ अशी. मोजे आणि जोडे बनवावेत आणि गप्प बसावे, असा त्याचा स्वभाव समजला जाई. वस्तुतः सहलीचा आधुनिक व्यवसाय येथेच रुजला. मद्यपानाविरुद्ध प्रचार करणाऱ्या थॉमस कुक याने ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसांना लेस्टरहून लफबरोच्या दारूबंदी सभेला आगगाडीने नेले, माणशी एक शिलिंग घेऊन. १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीझ यांनी माणसाची ओळख पटवणारी डीएनए ठशांची पद्धत शोधली, तीही याच शहरातील विद्यापीठात.

पण लेस्टरच्या वहीतील सर्वांत मोठी नोंद १९७२ ची आहे. युगांडाच्या इदी अमीनने ऑगस्टमध्ये तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास सांगितले. त्यांत गुजराती व्यापारी बहुसंख्य होते आणि जैन कुटुंबेही होती. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकाने, गोदामे, घरे सोडून अवघे पन्नास-पंचावन्न पौंड घेऊन माणसे निघाली. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात चक्क जाहिरात दिली. आशय असा की घरे नाहीत, शाळा भरल्या आहेत, स्वतःच्या व कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका.

लोक आले. हजारोंनी आले. बेल्ग्रेव्ह रोडवरची ओस पडू लागलेली दुकाने त्यांनी भाड्याने घेतली. किराणा, साड्या, दागिने, फरसाण आणि मिठाईची दुकाने सजली आणि तो रस्ता ‘गोल्डन माईल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८३ पासून तेथे दिवाळीची रोषणाई होऊ लागली. भारताबाहेरील सर्वांत मोठ्या दीपोत्सवांत आज तिची गणना होते आणि तिच्या आयोजनात तीच नगरपालिका पुढे असते. शहराच्या कारभाराने आपला शब्द असा कृतीने परत घेतला.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एकोणिसाव्या शतकातील एक जुने चर्च होते. जैन समाजाने ते घेतले, दर्शनी भाग शुभ्र संगमरवराने मढवला, आत कोरीव स्तंभ उभारले आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. रंगीत काचांच्या खिडक्यांची रचना चर्चची, पण त्यांवरील प्रसंग भगवान महावीरांच्या जीवनातील. एकाच छपराखाली श्वेतांबर व दिगंबर मंदिरे, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचे ज्ञानमंदिर आहे. मायदेशात ज्या पंथांचे तीर्थांच्या हक्कांवरून खटले चालतात, ते परदेशात एका दारातून आत जातात, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिच्याकडून शिकतो किती, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारायचा.

लेस्टरही निर्दोष नाही. २०२२ मध्ये तेथे हिंदू आणि मुस्लिम तरुणांत तणाव उसळला. जोडलेले मन एकदा जोडले म्हणजे काम संपले असे होत नाही. जुन्या वाड्याप्रमाणे त्याचीही डागडुजी चालू ठेवावी लागते.

या शहरांना भेट देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांची आहाराची चिंता लेस्टरमध्ये सहज मिटते. मात्र सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असणाऱ्यांनी ऋतू पाहून निघावे. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच.

आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा राजस्थान-गुजरातेतून एका पिशवीनिशी महाराष्ट्रातील अनोळखी गावांत उतरले. एखाद्या घरमालकाने ओटी भाड्याने दिली, एखाद्या शेतकऱ्याने उधारीवर विश्वास ठेवला, तेव्हा कोठे दुकान उभे राहिले. त्या गावांचीही तेव्हा काही कीर्ती नव्हती आणि आलेल्या माणसाचीही नव्हती. ज्या घरात परगावच्या प्रवेशपत्रावरचे नाव वाचून चेहरे उतरतात, त्या घराने लेस्टरची ती जाहिरात आठवावी. ती लिहिणाऱ्यांनीही येणाऱ्यांना न पाहताच मत बनवले होते.