वजन न केलेलं सोनं

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे खजिनदार मुदत संपली की देवीच्या वस्तू पुढच्या खजिनदारांच्या ताब्यात देत आणि काय काय दिलं ते संगमरवरावर कोरून ठेवत. इ.स.पू. ४३४ पासूनच्या या याद्यांचे तुकडे आजही वाचता येतात. वस्तूचं नाव, मग वजन, असा कोरडा मजकूर. त्यात सोन्याच्या एका वाडग्याची नोंद आहे. अंगावर पवित्र पाणी शिंपडून घेण्यासाठी तो वापरत. वजनाच्या जागी एकच शब्द : आस्ताथ्मोस. वजन न केलेला. रोजच्या वापरातली वस्तू तराजूत घालायची त्यांना गरज वाटली नसेल, असं मला वाटतं.

तो वाडगा आता नाही. सोनं कुजत नाही, गंजत नाही, पण ते वितळवता येतं. वाडग्याची नाणी होतात, नाण्यांच्या बांगड्या होतात, आणि दर वेळी आधीचं नाव मागे पडतं. ग्रीकांनी सोन्याला आणि सोन्याच्या नाण्यांना दिलेली बरीचशी नावं अशीच गेली. त्यांतली काही इथे मांडतो.

ख्रुसोस. सोनं. हा शब्द ग्रीकांचा स्वतःचा नव्हे. अक्कडी भाषेत हुरासु, हिब्रूत हारूस. पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर तो आला. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने मायसिनी काळातल्या मातीच्या पाट्यांची लिपी उलगडली, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारकुनांच्या हिशेबातही तो सापडला. हा शब्द मेला नाही. आजच्या ग्रीसमध्ये बोलताना ‘ख्रिसाफी’ म्हणतात, पण मुलाला जवळ घेताना आई ‘ख्रिसो मू’ म्हणते.

प्सेग्मा. घासून, खरवडून निघालेला कण, सोन्याची भुकटी. हा शब्द वाचला की अथेन्सचा अल्कमेऑन डोळ्यांपुढे येतो. लिडियाचा राजा क्रीसस त्याच्यावर खूश झाला आणि म्हणाला, खजिन्यात जा आणि एका खेपेत अंगावर मावेल तेवढं सोनं घेऊन जा. अल्कमेऑन ढगळ अंगरखा घालून आला, त्याला पुढे मोठा झोळ ठेवलेला. पायात मिळतील तेवढे रुंद बूट. भुकटीच्या ढिगावर बसून त्याने आधी पोटऱ्यांभोवती बुटांत भुकटी ठासली, मग झोळ भरला, मग केसांवर भुरभुरली, आणि शेवटी तोंडात कोंबली. बाहेर आला तेव्हा बूट ओढत, गाल फुगलेले, माणसासारखा दिसेना. राजा हसला, आणि ते सगळं देऊन वर तितकंच आणखी दिलं. इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली ही गोष्ट घडली असेल-नसेल. पण सोनं भुकटीच्या रूपात मोठ्या ढिगाने साठवत, हे तिच्यात नीट दिसतं. हाच हेरोडोटस सांगतो की सिंधूच्या बाजूचे भारतीय लोक इराणच्या दारियसला दर वर्षी ३६० टॅलेंट प्सेग्मा खंडणी देत. सोनं चांदीच्या तेरा पट धरून त्याने हिशेब केला आहे : ४,६८० टॅलेंट चांदी. ही भुकटी कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या वाळूतून उकरून काढतात, हेही तो सांगतो.

लेउकोस ख्रुसोस, म्हणजे पांढरं सोनं. एलेक्त्रोनही म्हणत. त्मोलस डोंगरातून सार्डिस शहरात उतरणाऱ्या पाक्तोलस नदीच्या वाळूत सोन्याचांदीचं निसर्गानेच केलेलं मिश्रण सापडे. जगातली अगदी सुरुवातीची नाणी याच धातूची. त्यांत एक मोठी अडचण होती : कणाकणांत चांदीचं प्रमाण वेगळं. शिक्का तोच, वजन तेच, पण आत सोनं किती ते वरून कळत नाही.

म्हणून आपेफ्थोस. आटवून शुद्ध केलेलं. १९६८ साली सार्डिसला पाक्तोलसच्या काठी या कामाची जागा उकरून निघाली. पांढऱ्या सोन्याचे पातळ पत्रे करायचे, मिठाबरोबर मडक्यात थर लावून भरायचे आणि सोनं वितळणार नाही एवढ्याच आचेवर बराच काळ तापवत ठेवायचे. चांदी मिठाशी संयोग पावून मडक्याच्या मातीत शिरते. सोनं मागे उरतं. आच जास्त झाली तर पत्रे वितळून गोळा होणार, कमी झाली तर चांदी सुटणार नाही. क्रीससचं वैभव भट्टीशी बसलेल्या या माणसांच्या नजरेवर उभं होतं. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

क्रीससने डेल्फीच्या अपोलोला सोन्याच्या ११७ विटा पाठवल्या. त्यांतल्या चारच आपेफ्थोस होत्या, बाकी पांढऱ्या सोन्याच्या. विटांवर शुद्ध सोन्याचा सिंह, दहा टॅलेंट वजनाचा. देवळाला आग लागली तेव्हा सिंह विटांवरून खाली कोसळला आणि साडेतीन टॅलेंट सोनं वितळून गेलं. हेरोडोटसच्या काळी त्याचं वजन साडेसहा टॅलेंट भरत होतं. पुढे इ.स.पू. चौथ्या शतकात फोकिसच्या लोकांनी डेल्फी ताब्यात घेतलं आणि भाडोत्री सैन्याच्या पगारासाठी देवाचं सोनं आटवलं. त्यात विटाही गेल्या, सिंहही गेला.

तालांतोन. मुळात तराजूचं पारडं. नंतरच्या काळात अथेन्सचा टॅलेंट सुमारे २६ किलोचा; होमरचा मात्र अगदी लहान असला पाहिजे. ‘इलियड’मधल्या रथांच्या शर्यतीत दोन तालांतोन सोनं हे चौथं बक्षीस आहे. तिसरं बक्षीस म्हणजे विस्तवावर कधी न चढवलेली कोरी कढई.

ख्रुसोखोओस. सोनं ओतणारा, सोनार. ‘ओडिसी’मध्ये पायलॉसचा म्हातारा राजा नेस्टर गाय बळी देण्याआधी तिची शिंगं मढवायला लाएर्केस नावाच्या सोनाराला बोलावतो. तो स्वतःची ऐरण, हातोडा आणि चिमटा घेऊन येतो. सोनं राजा देतो, हत्यारं सोनाराची. ओतण्याचं काम इथे नाहीच. शिंगांवर पत्रा बसवायचा आहे, तोही अथेना देवीला बघून आनंद व्हावा इतका नीट. इतक्या मोठ्या काव्यात एका कारागिराला नाव मिळालं, त्याची हत्यारं मोजली गेली, याचं मला फार अप्रूप आहे.

बासानोस, कसाचा काळा दगड. आपल्या सराफांच्या गल्ल्याजवळ असे तोच. थिओफ्रास्टस हा ॲरिस्टॉटलचा शिष्य. त्याने दगडांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. हा दगड त्मोलसच्या नदीत मिळतो, गुळगुळीत आणि चपटा असतो, आणि त्याची उन्हाकडची बाजू खालच्या बाजूपेक्षा कस चांगला दाखवते, कारण ती कोरडी असते. खालची दमट राहते आणि दमटपणामुळे सोन्याची रेघ नीट उमटत नाही, असं तो सांगतो. हे ज्ञान पुस्तकी नाही. कुणी तरी दगड उलटा करून दोन्ही बाजूंनी घासून पाहिला होता. अथेन्सच्या न्यायालयात गुलामांची साक्ष छळ करून घेत, त्या छळालाही बासानोस हेच नाव पडलं. दगडाचं नाव माणसाच्या यातनेला दिलं गेलं, हे वाचून अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

आता नाणी. ग्रीक माणूस सोन्याच्या नाण्याला साधेपणाने ‘ख्रुसूस’ म्हणे, म्हणजे ‘सोन्याचा’. नेमकं सांगायचं तर स्तातेर. त्याच्या मागे गावाचं किंवा राजाचं नाव लागे, आणि हळूहळू स्तातेर गळून ते नावच उरे.

दारेइकोस. इराणी बादशहाचं नाणं, साधारण ८.४ ग्रॅमचं, त्यावर धनुष्य घेतलेला गुडघा वाकवलेला राजा. नाव मात्र ग्रीकांनी ठेवलेलं, दारियसवरून. किंमत अथेन्सच्या २० द्राख्मा. ती कळते सायरसच्या फौजेत असलेल्या लेखक क्सेनोफोनमुळे. इराणी राजपुत्र सायरसने सिलानस या भविष्यवेत्त्याला दहा टॅलेंटचा शब्द दिला होता. सायरसचा भाऊ, इराणचा राजा, दहा दिवसांत लढणार नाही, हे भविष्य खरं ठरलं तेव्हा त्याने ३,००० दारेइकोस मोजून दिले. ग्रीक शहरांना आपापसांत झुंजवायला हीच नाणी इराणातून येत. स्पार्टाचा राजा एजेसिलाउस आशियातून परत फिरला तेव्हा म्हणाला की आपल्याला बादशहाच्या हजारो धनुर्धाऱ्यांनी हाकललं. ते धनुर्धारी नाण्यांवरचे.

याच नाण्याची एक गोष्ट मला विसरता येत नाही. लिडियाचा पिथियस ग्रीसवर निघालेल्या बादशहा झर्क्सीसला म्हणाला, माझ्याजवळ ३९,९३,००० दारेइकोस आहेत, सगळे तुमच्या मोहिमेला देतो. झर्क्सीसने ते घेतले नाहीत. उलट ४० लाखांना सात हजार कमी पडतात म्हणून ते आपल्या पदरचे घालून आकडा पुरा करून दिला. पुढे पिथियसने विनंती केली की पाच मुलगे फौजेत आहेत, थोरल्याला तेवढा माझ्यापाशी ठेवा. झर्क्सीसने थोरल्याचे दोन तुकडे करवले, रस्त्याच्या दोन बाजूंना ठेवले, आणि फौज मधून गेली. पुरे चाळीस लाख पिथियसच्या घरीच होते.

अलेक्झांडरला सुसाच्या खजिन्यात दारेइकोसांचे नऊ हजार टॅलेंट मिळाले, असं इतिहासकार डायोडोरस सांगतो. अलेक्झांडरची स्वतःची नाणी निघू लागली, जुन्यांची भट्टीकडे रवानगी झाली.

कुझिकेनोस. मार्मारा समुद्राकाठच्या किझिकस शहराचं, पांढऱ्या सोन्याचं, सुमारे १६ ग्रॅमचं जाड ढेकळासारखं नाणं. वरचं चित्र सतत बदले, दोनशेहून अधिक प्रकार सापडले आहेत. पण प्रत्येकावर कुठे तरी एक टूना मासा असतोच. देवाच्या पायाखाली, घोड्याच्या पोटाखाली, एका नाण्यावर तर दोन मासे एकमेकांवर. या सामुद्रधुन्यांतून टूनाचे थवे जात आणि शहर त्यांच्यावर जगे. क्सेनोफोनच्या थकल्याभागल्या सैनिकांना थ्रेसच्या स्यूथीसने महिन्याला एक कुझिकेनोस कबूल केला होता, तुकडीच्या नायकाला दोन, सेनापतीला चार. तो पुरा हाती पडला नाही. फोकाइया शहराच्या नाण्यावर सील प्राणी असे, त्याला फोकाइस म्हणत.

फिलिप्पेइओस. मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने इ.स.पू. ३५६ मध्ये पँगायॉन डोंगराजवळच्या खाणी घेतल्या, त्यांतून वर्षाला हजार टॅलेंटहून अधिक उत्पन्न काढलं, आणि एका बाजूला अपोलो, दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा रथ असलेलं नाणं पाडलं. ते इतकं पसरलं की रोमचा नाटककार प्लॉटसच्या पात्रांच्या तोंडी सोन्याचं नाणं म्हणजे ‘फिलिप’च. गॉल आणि ब्रिटनमधल्या केल्टिक टोळ्यांनी त्याची नक्कल केली, मग नकलेची नक्कल. पुढे रथ विस्कटून चाक आणि घोडा सुटे झाले, अपोलोच्या केसांच्या नुसत्या लाटा उरल्या. त्या लाटा मला मूळ नाण्याहून जास्त आवडतात.

अथेन्सने मात्र सोन्याची नाणी सुखाने कधी पाडली नाहीत. तिथली घुबडाच्या छापाची चांदी पुरे. पण स्पार्टाबरोबरच्या युद्धात सगळं संपत आलं तेव्हा, इ.स.पू. ४०७-४०६ च्या सुमारास, ॲक्रोपोलिसवरच्या विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती वितळवल्या गेल्या आणि त्यांची नाणी झाली. दोन वर्षांत अथेन्स हरलं.

त्रिख्रुसोन, म्नाइएइओन. टॉलेमी राजांच्या इजिप्तमधली नावं. म्नाइएइओन म्हणजे शंभर चांदीच्या द्राख्मांचं एक सोन्याचं नाणं, बहुधा राणी आर्सिनोईच्या चेहऱ्याचं. इ.स.पू. २५८ मध्ये देमेत्रियस नावाच्या टांकसाळीच्या माणसाने अर्थमंत्री अपोलोनियसला लिहिलेलं पत्र पपायरसवर शिल्लक आहे. परदेशी व्यापारी आपलं नाणं आणि जुने त्रिख्रुसोन नवे करून घ्यायला आणतात, सोनं घेण्याबद्दलचे हुकूम स्पष्ट नाहीत, लोकांचा पैसा अडकून पडला आहे, असं तो कळकळीने लिहितो. राजाचं नाणं सदा नवं आणि चोख दिसावं, याची त्याला खरोखर काळजी होती.

बॅक्ट्रियाच्या युक्रेटिडीसचं एक नाणं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. वजन १६९ ग्रॅम, व्यास ५८ मिलिमीटर. तळहातावर ठेवलं तर तळहात जवळजवळ भरेल. वीस स्तातेरांचं. प्राचीन काळातलं याहून मोठं सोन्याचं नाणं सापडलेलं नाही. ते ज्याच्या हातात होतं तो त्याला काय म्हणे, ते कुठेच लिहिलेलं नाही.

काल्तिसचं याच्या उलट आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या जलप्रवासाच्या मार्गदर्शकात कल्याण, पैठण, तेर यांची नावं येतात. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांच्या जुन्या द्राख्मा अजून चालतात आणि रोमचं सोन्याचं नाणं बदलून घेण्यात नफा आहे, असंही त्यात सांगितलं आहे. लेखक पुढे गंगेच्या मुखाशी पोचतो आणि लिहितो की या भागात सोन्याच्या खाणी आहेत आणि काल्तिस नावाचं सोन्याचं नाणं आहे. बस, एवढंच. त्या नावाचं नाणं अजून कुणाला खात्रीने दाखवता आलेलं नाही.

द्राख्मा मात्र इकडे रुळली. संस्कृतात द्रम्म झाली, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत आली, आणि ‘छदाम’, ‘दामदुप्पट’ यांत अजून बोलली जाते. केरातिओन, कॅरोबच्या शेंगेतलं बी, हे वजन होतं. रोमच्या उत्तरकाळातल्या सोन्याच्या नाण्याचं वजन अशी २४ बियं. सराफाकडची २४ कॅरेटची भाषा तिथून आली.

शेवटचं हुपेरपुरोन. आगीतून पार झालेलं. १०९२ साली बायझंटाइन सम्राट अलेक्सियस कोम्नेनसने बिघडलेलं चलन सुधारायला काढलेलं, बशीसारखं खोलगट, साडेवीस कॅरेटचं. नंतरच्या राजांनी त्यातलं सोनं उतरवत नेलं आणि चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर ते पाडणंच थांबलं. तरी १४३६ ते १४४० या काळात कॉन्स्टँटिनोपलमध्ये धंदा करणाऱ्या ज्याकोमो बादोएर या व्हेनिसच्या व्यापाऱ्याची हिशेबवही आहे, आणि तिच्यात मिरी, रेशीम, मेण, गुलाम, सगळ्याची किंमत ‘पेरपेरो’तच लावली आहे. सोन्याचं ते नाणं पाडणं थांबून तेव्हा सुमारे ८० वर्षं झाली होती. माँटेनेग्रोने १९०६ साली आपलं चलन काढलं तेव्हा त्याला पेर्पेर नाव दिलं, आणि १९१० मध्ये राजा निकोलाच्या कारकिर्दीच्या पन्नाशीला ते सोन्यातही पाडलं. पहिल्या महायुद्धानंतर माँटेनेग्रो युगोस्लाव्हियात विलीन झालं आणि पेर्पेरच्या जागी दिनार आला.