आधी कंदील

कॉन्ट्रॅक्टर कार्पेटचे नमुने पसरून बसला होता आणि अण्णा भिंतीला नाक लावून उभे होते.

डेट्रॉइटजवळच्या आमच्या घराचं हे बेसमेंट. अण्णा त्याला 'खालचं' म्हणतात. सांगलीहून आले, चहा झाला, आणि पहिला प्रश्न, "खालचं कधी दाखवतीस?" पंधरा वर्षं त्या खालच्यात आम्ही फक्त सामान सोडत आलो होतो. गणपतीचं मखर, चाकं तुटलेल्या दोन बॅगा, नवऱ्याच्या निर्धारांची साक्ष असलेली ट्रेडमिल. आता ते नीट करून घ्यायचं ठरलं होतं. एक पाहुण्यांची खोली, आणि उरलेल्या जागेत मंडळाच्या नाटकाच्या तालमी. अमेरिकेतली किती मराठी नाटकं कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या घरघरीवर आवाज चढवत बसवली गेली असतील, कोण जाणे.

अण्णांनी भिंतीवरची पांढरी भुकटी बोटावर घेतली आणि सरळ जिभेला लावली. कॉन्ट्रॅक्टर बघतच राहिला.

"लोणा," अण्णा म्हणाले. "भिंत पाणी पितीय. आणि हा सतरंज्या दाखवतोय."

लोण्याला इंग्रजीत भलामोठा शब्द आहे, पण कृष्णाकाठच्या माणसाला तो लागत नाही. मातीतलं पाणी काँक्रीटमधून झिरपतं, येताना क्षार घेऊन येतं, भिंतीच्या तोंडाशी पोचलं की उडून जातं आणि मीठ तिथंच ठेवतं. वर रंग दिला तर रंगाचे पापुद्रे निघतात. वर लाकडी सांगाडा आणि ड्रायवॉल ठोकला तर काही दिसत नाही, एवढंच. आत बुरशी आपली सुखाने नांदते.

मुळात इकडे घराखाली ही खोली असते ती कुणाला हौस होती म्हणून नव्हे. मिशिगनच्या थंडीत माती वरून गोठत जाते, गोठताना फुगते आणि फुगताना वरचं घर उचलते. म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. इथला हिशेब 42 इंचांचा. एवढं खणायचंच आहे तर आणखी चार फूट खणा, माणूस उभा राहील. अशी ही खोली पायाबरोबर फुकटात पदरात पडते, आणि फुकटात पडलेल्या वस्तूकडे आपण लक्ष देत नाही.

कॉन्ट्रॅक्टरला निरोप दिला आणि आधी पाण्याचा माग काढायचा ठरवला. त्याची एक बिनखर्चाची रीत आहे. हातरुमालाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवायचा आणि दोन दिवस थांबायचं. थेंब आतून, भिंतीच्या अंगाला धरले तर पाणी मातीतून येतंय. बाहेरून धरले तर ते खोलीतल्याच हवेचं. आमच्याकडे दोन्हीकडून धरले. हवेच्या पाण्याला मीच जबाबदार होते. उन्हाळा आला की जरा वारा खेळू दे म्हणून मी खालच्या चिमुकल्या खिडक्या उघडून ठेवायची. बाहेरची दमट, गरम हवा आत यायची, गार भिंतीला टेकायची, आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसा भिंतींना सुटायचा. ती जुलैतली हवा बाहेरच ठेवायला हवी होती.

मातीच्या पाण्याचा माग अण्णांनी लावला. एका दुपारी वळवासारखा पाऊस कोसळला तेव्हा ते छत्री घेऊन घराभोवती प्रदक्षिणा घालू लागले. शेजारीण काचेतून पाहत होती. पागोळ्यांचं सगळं पाणी पन्हाळीतून ज्या नळीवाटे खाली येत होतं, ती नळी भिंतीच्या अगदी बुडाशी संपत होती. त्यातून माझा गुलाबाचा वाफा. दर वसंतात मी त्याला मोठ्या प्रेमाने पोतंपोतं माती घातली होती, आणि तिचा उतार आता घराकडे झाला होता. म्हणजे छपराचं पाणी गोळा करून मी ते पायाला नेमाने पाजत होते. उतार घरापासून लांब हवा, दहा फुटांत निदान सहा इंच. वाफा हलवला, नळ्यांना लांब पाइप जोडले. तेवढ्यानेच भिंत निम्म्याहून जास्त वाळली. राहिलेलं पाणी कोपऱ्यातल्या खड्ड्यात उतरून पंपाने बाहेर जाऊ लागलं.

अण्णांचं हे पाण्यावरचं लक्ष कुठून आलं ते मला ठाऊक आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानावर ते दिवाणजी होते आणि दुकानाची पेवं हरिपूरला होती. आता पेव फुटतं ते क्लासेसचं नाहीतर यूट्यूब चॅनेलांचं. पण माझ्या लहानपणी पेव म्हणजे खरोखरच जमिनीतलं पेव. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली घागरीसारखं पोट. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती अशी की तिच्यात खणलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षं राहायची आणि कीड लागायची नाही. हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकलं की वरून बैलगाडी गेली तरी खाली काय आहे याचा पत्ता लागू नये.

पेव उघडायचा दिवस मात्र घाईचा नसे. तोंड मोकळं करून आधी ते बराच वेळ तसंच ठेवत. मग दोरीला बांधून कंदील खाली सोडत. अण्णा मला काठापासून चार हात लांब उभी करायचे. कंदील जळत राहिला तर हमाल उतरणार. ज्योत बारीक झाली की दोरी वर ओढायची आणि पुन्हा थांबायचं. बंद पेवात प्राणवायू संपलेला असतो, जड विषारी हवा तळाशी साचलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. तिने माणसं गेलेली आहेत.

2005 च्या महापुरात कृष्णा त्या पेवांत शिरली. पाणी ओसरल्यावर अण्णा पाहायला गेले आणि संध्याकाळी घोट्यापर्यंत पिवळे पाय घेऊन परत आले. नुकसानीबद्दल ते फारसं बोलले नाहीत. "वास जाईना," एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ न्हाणीत पाय चोळत बसले. पुढे माल गोदामांत जाऊ लागला.

तर भिंती वाळल्या, आणि मला वाटलं झालं सगळं. अण्णांनी विचारलं, "हवेचं काय?"

मी हसणार होते. पण हवेचं खरोखरच होतं. जमिनीतल्या युरेनियमचं विघटन होत होत रेडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला ना रंग ना वास. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून फटींतून निसटते आणि घर खालच्या मातीतून हवा ओढून घेतं. तिच्याबरोबर रेडॉन येतो. अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर याचाच नंबर लागतो. 1984 साली पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा माणूस एका अणुवीज केंद्राच्या बांधकामावर काम करत होता. तिथल्या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रापाशी तो गेला की घंटा वाजायची. केंद्र सुरूही झालेलं नव्हतं. शेवटी कळलं की तो किरणोत्सार घरून घेऊन येतो. इथे एक लिटर हवेत 4 पिकोक्युरी झाले की उपाय करा म्हणतात; त्याच्या घरात ते 2,700 च्या आसपास होते. साऱ्या देशाला घरातला रेडॉन ठाऊक झाला तो या माणसामुळे.

आम्ही कोळशाची डबी आणली. दारं-खिडक्या बंद ठेवून ती दोन दिवस खाली ठेवायची आणि मग प्रयोगशाळेला पाठवायची. अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे कंदीलच की," ते म्हणाले, "फक्त ह्याचा विझलेला टपालानं कळणार." आकडा आला 7.2. जमिनीला भोक पाडून एक पाइप छपरापर्यंत नेला, त्यावर पंखा बसवला, पंपाच्या खड्ड्यावर हवाबंद पारदर्शक झाकण आलं. पुन्हा डबी ठेवली. आकडा 1.1.

पुढचं काम भराभर झालं, आणि भराभर झालेल्या कामात सांगण्यासारखं काही नसतं. काँक्रीटला फोमचे तक्ते चिकटवले, त्याच्यापुढे लाकडी सांगाडा, मग ड्रायवॉल. एक सांगते, पाहुण्यांच्या खोलीची खिडकी. आगीत माणूस बाहेर पडू शकेल आणि पाठीवर सिलिंडर असलेला अग्निशामक जवान आत येऊ शकेल, एवढी ती हवी असा कायदा आहे. मोकळी जागा 5.7 चौरस फूट, आणि उंबरा जमिनीपासून 44 इंचांच्या वर नको. त्यासाठी भिंत करवतीने कापली. धूळ बसल्यावर पाहिलं तर संध्याकाळचं ऊन जमिनीपर्यंत आलं होतं. त्या जागेला ऊन प्रथमच लागत होतं. ड्रायवॉलवाला काम थांबवून तिथे डबा खायला बसला.

अण्णा तोवर परत गेले होते. मंडळाने यंदा 'शारदे'तले प्रवेश घेतले. नाटककार देवल हरिपूरचे, त्यामुळे अण्णांना त्यात गावचा मान वाटतो. पहिल्या तालमीच्या आधी मी त्यांना व्हिडिओवर सगळं दाखवायला निघाले. भिंतींचा रंग, दिवे, मखरासाठी केलेलं कपाट. "छान, छान," ते म्हणत होते, पण डोळे माझ्या मागे काहीतरी शोधत होते.

"कोपऱ्यात ने," ते म्हणाले.

पंपाच्या कपाटाचं दार उघडलं. आत अंधार होता. मी फोन झाकणावर धरला.

"दिसत नाही. खाली सोड जरा."

मी गुडघ्यांवर बसले.

"अजून खाली."

मी हात लांब केला. अण्णांचा उजळलेला चेहरा हळूहळू त्या खड्ड्याच्या तोंडाशी गेला. वर बेल वाजली, तालमीची मंडळी आली होती.

"थांब," खालून अण्णा म्हणाले. "घाई करू नको. बघू दे."