पंधराशे साठ रुपये

पगाराच्या पावतीवर पीएफची कपात दोनदा होती. एकदा १,४४० आणि दोन ओळी सोडून पुन्हा १,५६०. पहिला आकडा समजला. बेसिक आणि महागाई मिळून १२,००० धरले होते, त्याचे बारा टक्के. दुसरा कसला, ते आजही आठवलं की डोकं तापतं.

भोसरीतलं वर्कशॉप बंद पडल्यावर पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने सिक्युरिटीशिवाय जायचं कुठे? गावचा एक जण आधीपासून होता, त्याने एजन्सीत नेलं. २००५च्या केंद्रीय कायद्याखालच्या नियमांप्रमाणे रक्षकाला वर्गात १०० तास आणि मैदानात ६० तास प्रशिक्षण द्यायचं असतं. मला एका हॉलमध्ये सलाम ठोकायला शिकवलं, टोपी दिली आणि संध्याकाळी बाणेरच्या एका सोसायटीच्या गेटवर उभं केलं. टोपीचे पैसेही हप्त्याने कापले. ड्युटी बारा तासांची, रिलिव्हर आला नाही तर सलग चोवीस. पावतीवर आठ तास आणि २६ दिवस. वरच्या तासांना दुप्पट दर वगैरे कायद्यात आहे. असो, हे सगळीकडेच चालतं.

पण १,५६०? फील्ड ऑफिसर आला तेव्हा पावती पुढे केली. पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, ‘‘मामा, तो कंपनीचा हिस्सा.’’ मी म्हटलं, ‘‘कंपनीचा आहे तर माझ्या पगारातून का?’’ तर म्हणे, ‘‘सोसायटी जो रेट देते त्यातच सगळं बसवायचं असतं. पगार सीटीसीवर धरलाय.’’ आणि गाडीला किक मारून गेला.

सोसायटीतले एक आयटीवाले साहेब रात्री उशिरा यायचे, दोन शब्द बोलायचे. त्यांना दाखवलं. त्यांनी मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून दिलं. त्यात माझ्या नावावर १,४४०. शेजारी नियोक्त्याचे ४४०, पेन्शन खात्यात १,०००. म्हणजे एजन्सीने माझ्यासाठी दर महिन्याला १,४४० भरले अशी सरकारदरबारी नोंद, आणि ते पैसे माझेच! मग उरलेले १२० कुठले? साहेबांनीच फोड करून सांगितली : विम्याचा अर्धा टक्का, पीएफ कार्यालयाच्या प्रशासन खर्चाचा अर्धा टक्का. दोन्ही मालकाने भरायचे. सरकारी कारकुनीचे साठ रुपयेसुद्धा एजन्सीला स्वतःच्या खिशातून काढवले नाहीत, ह्याचं मला आजही नवल वाटतं. कोणीतरी बसून एवढा बारीक हिशोब केला असेल ना?

पण साहेब पुढे जे म्हणाले त्यावर मला बोलता येईना. ‘‘काका, माझाही दोन्ही हिस्से धरूनच सीटीसी असतो. आमच्याकडे सगळ्यांचं असंच आहे.’’ माणूस खोटं बोलत नव्हता. रात्रभर गेटवर तेच डोक्यात. मग मलाच का टोचतंय? सकाळी सकाळी उलगडलं. त्यांना ऑफर लेटर मिळालं होतं. त्यात सगळं मांडलेलं, पटलं नसतं तर नाही म्हणता आलं असतं. मला तोंडी साडेपंधरा हजार सांगितले आणि मग त्यातून कापले. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला पीएफच्या कायद्यात मनाई आहे, तशी ती ईएसआयलाही आहे. हे मला पुढे युनियनच्या एका माणसाने सांगितलं.

मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही, बदली आली. बावधनच्या पुढे एक बांधकामाची साइट, संडास नाही, पाणी टँकरचं.

तेव्हा मला सोसायटीवाल्यांचा राग होता, की कमीत कमी रेटवाली एजन्सी निवडतात आणि गणपतीत आम्हाला साडी-शर्ट वाटून मोकळे होतात. अजूनही आहे थोडा. महाराष्ट्रात १९८१ पासून खाजगी सुरक्षा रक्षकांचा वेगळा कायदा आहे, मंडळं आहेत. मंडळाच्या रक्षकाचा पगार मंडळ ठरवतं आणि मालकाकडून घेऊन त्याला देतं. पण सूट मिळवायची वाट त्याच कायद्यात ठेवलीय, एजन्स्या तिथून बाहेर. आणि मंडळाचा रक्षक महाग पडतो म्हटल्यावर मेंटेनन्स वाढवायला कुठली सोसायटी तयार होईल? मीही त्या मीटिंगमध्ये बसलो असतो तर हात वर केला असता का, कोण जाणे.

गेल्या वर्षी भाचा बारावी करून घरी बसला होता. बहीण मागे लागली. सिक्युरिटीत घालणार नाही म्हणून आधी भांडलो आणि शेवटी त्याच एजन्सीत चिकटवला. दहा तारखेला पगार होतो, पीएफ भरला जातो. बाजूच्या साइटवर एक एजन्सी कापते आणि भरतच नाही. त्याला पहिल्या दिवशी एवढंच बजावलं, की यूएएनला मोबाइल नंबर स्वतःचा लाव. सुपरवायझर ‘‘माझा टाकतो, सोपं पडेल’’ म्हणेल, ऐकू नकोस.